कंप्लायन्समध्ये जातेस? मग हे ऐकून जा

अगं, मावशीचा फोन आला होता. तुला बँकेची ऑफर आली म्हणून खुशीत होती, पण पोटात शंकाही होती. "कंप्लायन्स म्हणजे नेमकं काय गं? उन्हातान्हात खाती गोळा करत हिंडायचं नाही ना?" नाही म्हटलं. "मग कर्जवसुली?" तेही नाही. "मग बसून करणार काय ती?" तिला मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. तुला मात्र नीट सांगते, कारण सही तू करणार आहेस. एवढी वर्षं मी याच खात्यात काढली आहेत, तेव्हा गोड गोड बोलणार नाही.

बँकेला शेकड्यांनी नियम असतात. रिझर्व्ह बँकेचे, मनी लाँडरिंगच्या कायद्याचे, आयकराचे, सहकारी बँक असेल तर सहकार कायद्याचेही. नवा नियम आला की तो शाखेतल्या काउंटरपर्यंत पोचला का, फॉर्म बदलला का, सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला का, आणि "झालंय मॅडम" असं जे सांगितलं जातं ते खरंच झालंय का, हे बघणं म्हणजे आपलं काम. ऑडिटवाले घडून गेल्यावर येतात. आपण घडण्याआधी बोलायचं असतं. म्हणून ऑडिटवाल्यांचा धाक असतो आणि आपला कंटाळा. शाखेतली मंडळी आपल्याला सासूच समजतात: दिसली की काहीतरी काढणार.

पण लोकांचा एक गैरसमज आहे, आणि नव्या मुलींचाही असतो, की कंप्लायन्स म्हणजे 'नाही' म्हणायची नोकरी. माझं मत उलटं आहे. ज्याला नियम धड माहीत नसतो तो नाही म्हणतो आणि जास्त कागद मागतो. ज्याला नियम पुरता माहीत असतो त्यालाच बिनधास्त हो म्हणता येतं. साधं उदाहरण घे. केवायसी पुन्हा करायची वेळ आली की शाखा ज्येष्ठ नागरिकांना खेटे घालायला लावतात. आधार आणा, पॅन आणा, फोटो आणा, लाइट बिल आणा. नियम काय म्हणतो? जास्त जोखमीच्या ग्राहकाची केवायसी दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीची आठ आणि कमी जोखमीची दहा वर्षांनी ताजी करायची. आणि माहितीत काहीच बदल नसेल तर ग्राहकाचं साधं स्वयंघोषणापत्र चालतं, तेही नोंदलेल्या मोबाइलवरून, ईमेलवरून किंवा पत्रानेसुद्धा. पेन्शनर आजोबांना रिक्षा करून शाखेत बोलवायची गरजच नसते. हे शाखेला ठणकावून सांगणं हेही कंप्लायन्सच. तसंच पॅन कार्डाचं. निम्म्या शाखांना वाटतं की ओळख आणि पत्त्याचा पुरावा म्हणून पॅन पुरतं. ते त्या यादीतच नाही. यादीत पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं पत्र एवढंच आहे. रोजगार हमीचं कार्ड घेऊन आलेल्या बाईला काउंटरवरून परत पाठवलं जातं तेव्हा नियम मोडलेला असतो बँकेने, तिने नाही.

आता ज्या कामात डोकं लागतं ते सांगते. महिन्याभरात एका खात्यात दहा लाखांवर रोकड झाली की त्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला जातो. त्याला सीटीआर म्हणतात. तो सिस्टीम काढते, आपण तपासून पाठवायचा. डोकं लागतं एसटीआरला, म्हणजे संशयास्पद व्यवहाराच्या अहवालाला. तिथे आकडा नसतो, तिथे माणूस वाचावा लागतो.

रोज सकाळी सॉफ्टवेअर अलर्टांची यादी काढून देतं. त्यातले बहुतेक फोल असतात. कुणी घर विकलेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न असतं. पण एखादा अलर्ट असा येतो की एका खात्यात सकाळी मार्केट यार्ड शाखेत ४९ हजार रोख भरलेले, दुपारी स्टेशन रोडला ४९ हजार, संध्याकाळी आणखी एका शाखेत ४८,५००. रोकड ठरावीक रकमेच्या वर गेली की पॅन मागितलं जातं, हे तुला माहीत असेल. भरणाऱ्यालाही ते माहीत आहे. अशा वेळी स्क्रीनवर बघून निकाल देऊ नकोस. शाखांकडून भरणा स्लिपा मागव. तिन्ही स्लिपांवर भरणाऱ्याची नावं तीन आणि अक्षर मात्र एकच, तोच लपेटलेला 'ह', तीच खोडून पुन्हा लिहिलेली शून्यं, असं दिसलं की मग खातं उघडल्यापासूनचा उतारा काढून बसायचं. चहा विसरायचा.

उलटंही शिकायला लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावच्या द्राक्ष बागायतदाराच्या खात्यात पैसा वाढला तर अलर्ट येणारच, त्यात संशय कसला? तीच उलाढाल ऑगस्टमध्ये दिसली तर नवखा अधिकारी लगेच लाल शेरा मारतो. जुना आधी विचारतो, बेदाण्याचा सौदा झाला का? मुंबईच्या काचेच्या ऑफिसात बसून ही गोष्ट कळत नाही. म्हणून शाखेत काम केलेली मुलगी कंप्लायन्समध्ये नेहमी सरस ठरते. तुला पहिलं वर्ष शाखेत टाकलं तर रडू नकोस, उलट आनंदाने जा. कॅशमध्ये बस, खाती उघड, ग्राहकांची बोलणी खा.

हल्ली सगळ्यात जास्त अलर्ट येतात ते पोराटोरांच्या खात्यांवर. कॉलेजच्या मुलाचं खातं, वर्षभर त्यात घरून आलेले मेसचे पैसे आणि मोबाइल रिचार्ज. आणि मग एका संध्याकाळी कुठल्या कुठल्या राज्यांतून यूपीआयने पैसे येऊन पडतात आणि रात्रीच एटीएममधून निघूनही जातात. पोराने चार पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणाला तरी 'वापरायला' दिलेलं असतं. याला म्यूल खातं म्हणतात. ऑनलाइन फसवणुकीतला पैसा याच वाटेने पळतो. अशी खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची एआय प्रणालीही काढली आहे. पण ती फक्त बोट दाखवते. फोन उचलून "बाळा, हे पैसे कुणाचे?" असं विचारायला, आणि उत्तर ऐकताना पलीकडचा गप्प कुठे झाला हे टिपायला, माणूसच लागतो. मात्र अहवाल जाणार आहे किंवा गेला आहे, याचा वास त्याला लागता कामा नये. तेवढ्या बेताने विचारायचं.

एसटीआर लिहिताना एक कर. 'व्यवहार संशयास्पद वाटतात' हे वाक्य कधी लिहू नकोस. वाटतात का, ते लिही. खातेदार काय करतो असं त्याने सांगितलं होतं, उत्पन्न किती दाखवलं होतं, प्रत्यक्षात किती आलं, कुठून आलं, किती तासांत गेलं, विचारल्यावर तो काय म्हणाला. दिल्लीत तो वाचणारा अधिकारी तुला ओळखत नाही, तुझी शाखा ओळखत नाही, आणि त्याच्यासमोर असे ढीगभर अहवाल असतात. त्याला दुसरा फोन न करता कळलं पाहिजे. मराठी माध्यमातून आलीस म्हणून इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. या लिखाणात भारी इंग्रजीचा उपयोग शून्य. छोटी वाक्यं आणि बरोबर तारखा, बस.

आणि तोंड बंद. हे मी गमतीत म्हणत नाहीये. ग्राहकाबद्दल असा अहवाल गेला आहे हे त्याला कळू देणं कायद्याने मना आहे. गावातल्या बँकेत हे किती कठीण जातं ते ऐक. ज्याच्या खात्यावर तू मंगळवारी अहवाल पाठवलास तो रविवारी लग्नात पंगतीला तुझ्या शेजारी येऊन बसतो, तुझ्या वडिलांची विचारपूस करतो, तुझ्या ताटात आग्रहाने जिलेबी वाढायला लावतो. तू हसून जिलेबी खायची. घरी येऊन नवऱ्यालाही सांगायचं नाही, मावशीला तर नाहीच नाही. ज्यांना दिवसभरातलं सगळं घरी येऊन ओकल्याशिवाय झोप लागत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये. तुझं पोट तसं लहानपणापासून घट्ट आहे, म्हणून मला तुझी तेवढी काळजी नाही.

काळजी आहे ती दबावाची. दबाव म्हणजे कुणी अंगावर धावून येतं असं नसतं. दबाव फार गोड बोलतो. "मॅडम, पार्टी मोठी आहे, खातं आज उघडून टाकू, ट्रस्टचे कागद दोन दिवसांत येतील." ते दोन दिवस वर्षभर संपत नाहीत. "मॅडम, उद्या इन्स्पेक्शन आहे, या पानावर मागच्या महिन्याची तारीख टाकून सही तेवढी करा." माझ्याकडे असा कागद आला तेव्हा मी आजचीच तारीख टाकली आणि खाली 'आज पाहिले' असं लिहिलं. साहेब आठवडाभर बोलले नाहीत. तपासणीत उशिराबद्दल बोलणी बसली, पण उशीर हा शेरा असतो, खोटी तारीख हा गुन्हा असतो. हे दोन वेगळे आहेत, कुणी कितीही 'ॲडजस्ट करा' म्हटलं तरी.

यातून वाट काढायची ती कागदाने. तोंडी वाद घालू नकोस, तुझ्यापेक्षा बिझनेसवाले बोलण्यात नेहमीच तरबेज असतात. कुणी फोनवर काही सांगितलं की फोन ठेवल्यावर दोन ओळींची मेल टाक: 'आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक कागद आल्याशिवाय खातं चालू करता येत नाही, कलम अमुक, कागद कधीपर्यंत येतील ते कळवावं.' राग नाही, उपदेश नाही. बहुतेक वेळा अशा मेलनंतर कागद दुसऱ्याच दिवशी येतात. आणि नुसतं अडवू नकोस, मार्गही सुचव. ट्रस्टचे कागद अपुरे असतील तर नेमके कोणते अपुरे, ते कुठून मिळतील, हे तूच सांगितलंस तर तोच ब्रँच मॅनेजर पुढच्या वेळी खातं उघडायच्या आधी तुला फोन करेल. माझ्या हिशोबी तुझी खरी पगारवाढ तीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑफर लेटरमध्ये पगाराचा आकडा तू दहा वेळा वाचला असशील. रिपोर्टिंग कुणाला आहे ते वाचलंस? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये व्यापारी बँकांसाठी चीफ कंप्लायन्स ऑफिसरबद्दल जे घालून दिलं, ते एकदा मुळातून वाच. किमान तीन वर्षांची मुदत. मुदतीआधी हलवायचं तर अपवाद म्हणूनच आणि संचालक मंडळाच्या मंजुरीने. धंद्याचं टार्गेट द्यायचं नाही, धंद्याच्या कुठल्या विभागाच्या हाताखाली ठेवायचं नाही, दुहेरी जबाबदारी द्यायची नाही. आणि तो एमडीला रिपोर्ट करत असेल तर ऑडिट कमिटीने दर तिमाहीला त्याला एकट्याला भेटायचं, एमडीसुद्धा खोलीत नको. किती विचार करून लिहिलंय बघ! ज्याच्याबद्दल तक्रार असू शकते तोच समोर बसला तर कोण बोलणार? २०२२ मध्ये मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही, म्हणजे हजार कोटींच्या वर ठेवी असलेल्यांना, अशाच धर्तीचे नियम घालून दिले गेले. तू काही चीफ म्हणून जात नाहीयेस, पण तुझ्या चीफच्या खुर्चीला जेवढं वजन, तेवढंच तुझ्या मेलला. तो खरं तर मार्केटिंगचा माणूस असेल आणि कंप्लायन्स त्याच्याकडे 'अतिरिक्त कार्यभार' असेल, तर ती नोकरी घेऊ नकोस. पगार कितीही असो.

वजन का लागतं ते पीएमसी या सहकारी बँकेने आपल्या सगळ्यांना दाखवलं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढायची मुभा राहिली. भांडुप-मुलुंडच्या शाखांबाहेरची ती म्हातारी माणसं तू टीव्हीवर पाहिली असशील. एका बांधकाम समूहाला, एचडीआयएलला, बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज दिलेलं होतं आणि ते झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली होती, असं तपासात पुढे आलं. रिझर्व्ह बँकेला दिलेली माहितीच तशी सजवलेली. अशी सजावट एका माणसाला जमत नाही. बघणारे अनेक असतात, पण 'हे लिहून द्या' म्हणायची ताकद कुणाच्या खुर्चीत नसते. ठेवींवरचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाख झालं ते पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये. सहकारी बँकेत जाणार असशील तर आणखी एक ध्यानात ठेव. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला, ठेवीवरच्या कर्जासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदी आहे. आपल्याकडे नातेवाइकांची यादी करणं म्हणजे अख्ख्या तालुक्याची वंशावळ मांडणं. तरी ती करायची, आणि दर वर्षी ताजी करायची.

तू सीएस करतेयस, तेव्हा दुसरी वाटही खुली आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला कंप्लायन्स ऑफिसर म्हणून पात्र कंपनी सेक्रेटरीच नेमावा लागतो. ते काम वेगळं. तिथे रोकड आणि स्लिपा नाहीत, तिथे बातमी सांभाळायची असते. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत कंपनीतल्या आतल्या माणसांना शेअरची खरेदी-विक्री बंद. एरवीही ठरलेल्या रकमेच्या वर व्यवहार करायचा तर आधी तुझी परवानगी. एकदा घेतलेले शेअर सहा महिन्यांत उलटे विकायचे नाहीत. आणि गुपित कुणाला, कधी, कशासाठी सांगितलं याची नोंद अशा डेटाबेसमध्ये ठेवायची जी नंतर खोडता येत नाही. संचालकांच्या सौभाग्यवतींनी निकालाच्या आठवडाभर आधी शेअर विकले तर संचालकांना पत्र तू लिहायचं. पंचविशीत हे पत्र लिहिताना हात थरथरतात म्हणतात. माझ्या मैत्रिणी त्या बाजूला आहेत, कामाचे तास बोर्ड मीटिंगच्या दिवसांत वाईट, एरवी बरे. मला विचारशील तर आधी बँक, मग हवं तर तिकडे. बँकेत माणसं वाचायला शिकशील.

अभ्यासाचं म्हणशील तर परीक्षा पुष्कळ आहेत. कुर्ल्याच्या आयआयबीएफचा केवायसी-एएमएलचा सर्टिफिकेट कोर्स लगेच करून टाक, फार अवघड नाही. ब्रोकर किंवा मर्चंट बँकरकडे जायचं ठरलं तर एनआयएसएमची थ्री-ए परीक्षा. सीएस अर्धवट सोडू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. पण खरं पाठ्यपुस्तक फुकट आहे आणि ते कुणी वाचत नाही. रिझर्व्ह बँक ज्या ज्या बँकेला दंड करते त्याचं प्रसिद्धिपत्रक साइटवर टाकते, आणि त्यात दंड कशासाठी ते स्पष्ट लिहिलेलं असतं. संचालकाच्या नातेवाइकाला कर्ज दिलं. ग्राहकांच्या जोखमीचा सहामाही आढावा घेतला नाही. दहा वर्षं न हललेल्या ठेवी ठेवीदार जागृती निधीत वर्ग केल्या नाहीत. एकाच ग्राहकाला दोन-दोन ग्राहक क्रमांक दिले. रोज रात्री एक पत्रक वाच आणि मनाशी विचार, आपल्या शाखेत हे कुठे बघायचं? सहा महिन्यांत तू वरिष्ठांना प्रश्न विचारायला लागशील, आणि त्यांना ते आवडणार नाहीत.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला सेल्समधल्या मैत्रिणी तुझ्या पुढे असतील. त्यांना इन्सेंटिव्ह, परदेशी सहली, स्टेजवर ट्रॉफी. तुझ्या खात्याला ट्रॉफी नसते. वार्षिक मूल्यमापनात 'मी काय केलं' लिहायला बसलीस की कळेल, जे घडलं नाही ते दाखवायचं कसं? म्हणून वर्षभर एक वही ठेव: कोणती चूक कुठे पकडली, कोणत्या शाखेचे प्रलंबित कागद किती होते आणि किती उरले. आकडे असले की बोलणं सोपं जातं. आणि चांगल्या कंप्लायन्सवाल्याला चाळिशीनंतर मागणी असते, तेव्हा टार्गेटच्या मागे धावून धावून त्या मैत्रिणी दमलेल्या असतात. हे थोडं खवचट झालं, पण खरं आहे.

आता उद्या एचआरला फोन करून तीन गोष्टी विचार. तुझा साहेब कुणाला रिपोर्ट करतो, आधीची मुलगी का सोडून गेली, आणि अलर्टांचा ढीग किती महिन्यांचा तुंबलाय. तिसऱ्या प्रश्नावर ते घुटमळले तर समज की तुला ढीग उपसायलाच घेतायत. तरीही जायला हरकत नाही, फक्त माणसं किती देणार ते लेखी घे. आणि ऑफर लेटरचं दुसरं पान मला व्हॉट्सॲपवर पाठव, तू फक्त पहिलंच पाठवलंयस. या शनिवारी बँक बंद आहे, चौथा शनिवार, दुपारी फोन कर. मावशीला सांग, खाती गोळा करायची नाहीत.